जुन्नर–आंबेगाव परिसर : कला आणि अध्यात्म

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांत इ. स. पू. पहिल्या शतकापासून आजतागायत धर्मसंबद्ध कलेची निर्मिती होत आली आहे. तिच्या आधारे कला आणि अध्यात्म यांच्या परस्परसंबंधाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. ह्या परिसराची निवड करण्याचे कारण असे, की येथील सर्वांत मोठा कलावशेष म्हणजे जुन्नरची बौद्ध लेणी होत; आणि कलेच्या इतिहासात ही लेणी ‘साधी’, ‘शिल्पदृष्ट्या दरिद्री’ अशीच गणली गेली आहेत. ज्या कलेत डोळ्यांना वेधून घेणारे फारसे काही नाही, तिचा अध्यात्माशी संबंध कोठे शोधावयाचा, हा प्रश्न तेथे टाळता येत नाही. अजिंठ्यासमोर उभ्या असलेल्या समीक्षकाला तो सहज टाळता येतो.

प्रारंभीच एका शब्दाविषयी खुलासा केला पाहिजे. ‘अध्यात्म’ म्हणजे आत्म्याविषयीचे. परंतु जुन्नरची लेणी ज्यांच्यासाठी कोरली गेली, त्या भिक्षूंना नित्य, अविकारी असा आत्मा मान्य नव्हता. त्यामुळे हा शब्द त्यांच्या बाबतीत व्युत्पत्त्यर्थाने लागू पडत नाही. चित्ताला बाह्य व्यवहारातून काढून एका शिस्तीत आणण्याची साधना, एवढ्याच व्यापक अर्थाने तो येथे वापरला आहे. कला आणि अध्यात्म यांच्यावरील पुष्कळसे मराठी लेखन ही अडचण लक्षात न घेता उपनिषदांतील ब्रह्मानंद व काव्यशास्त्रातील रसास्वाद यांची सांगड घालते आणि ती सांगड सर्व भारतीय कलांना सरसकट लावून टाकते.

मराठी सौंदर्यविचारात ह्या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन प्रमुख दिशा दिसतात. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी सौंदर्य आणि साहित्य (१९५५) ह्या ग्रंथात कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या लयबद्ध रचनेत पाहिले. संवाद, विरोध व समतोल ही त्या लयीची तत्त्वे मानली. ह्या भूमिकेतून कलाकृतीचा धार्मिक उपयोग हा सौंदर्याच्या दृष्टीने बाह्य ठरतो. दुसऱ्या टोकाला आनंद कुमारस्वामींचा विचार आहे. पारंपरिक भारतीय कला ही मुळातच साधना असून कारागीर हा एका अर्थी योगीच असतो, असे ते मानतात. रा. भा. पाटणकर यांनी सौंदर्यमीमांसेत (१९७४) अलौकिकतावादी व लौकिकतावादी अशा दोन टोकांची जी मांडणी केली, तिचाही येथे उपयोग होतो. कारण जुन्नरची कला कोणत्याही एका टोकाला पुरतेपणी बसत नाही. मर्ढेकरांची लय तेथे आहे, पण ती केवळ पाहून कळत नाही. कुमारस्वामींचा योगी कारागीर मात्र तेथे आढळत नाही, निदान शिलालेखांत तरी नाही.

जुन्नर हे पुण्याच्या उत्तरेस सु. ९० किमी. अंतरावर, कुकडी नदीच्या खोऱ्यात वसलेले प्राचीन व्यापारी नगर होय. कल्याण व सोपारा ह्या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारा माल नाणेघाटातून येथे येई. नगराभोवतीच्या शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री व तुळजा ह्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. एकाच ठिकाणी इतक्या मोठ्या संख्येने लेणी क्वचितच आढळतात. त्यांतील बहुतेक म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या कोठड्या, पाण्याची टाकी (पोढी) व लहान मंडप आहेत. चैत्यगृहे मोजकीच आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकानंतर येथील कोरीवकाम जवळजवळ थांबले. बुद्धमूर्तीच्या निर्मितीचे जे पर्व पुढे अजिंठा, कान्हेरी, वेरूळ येथे आले, त्याचा जुन्नरला फारसा स्पर्श झाला नाही. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी येथील शिलालेखांचे वाचन केले. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० मधील ग्रंथात या लेण्यांचे तपशीलवार वर्णन आहे. अलीकडच्या काळात विद्या देहेजिया व एस्. नागराजू यांनी त्यांच्या कालक्रमाचा विचार केला.

साधेपणाचा ठपका पूर्णपणे खोटा नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दांपत्यशिल्पे, हत्ती, भव्य कमान यांच्या तोडीचे येथे काही नाही. ह्या साधेपणाची कारणे अनेक संभवतात. बरीचशी लेणी प्रारंभीच्या, मूर्तिविरहित परंपरेतील आहेत. बऱ्याच दात्यांची ऐपत एका कोठडीची किंवा एका टाक्याची होती. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मधूनमधून मऊ थर लागतात आणि काम सोडून द्यावे लागते. शिवाय आज दिसणारा साधेपणा सगळाच मूळचा आहे, असेही समजता येत नाही. शिवनेरीवरील एका चैत्यगृहाच्या छतावर रंगकामाचे अवशेष दिसतात. म्हणजे भिंतीवर गिलावा व रंग होता, लाकडी जोडकामही काही ठिकाणी असावे. काळाने ते पुसले आणि उरलेल्या उघड्या दगडाला आपण वैराग्याचे प्रतीक म्हणू लागलो. उघडा दगड पाहून शांतरसाची भाषा बोलणाऱ्या समीक्षकाने हा धोका लक्षात ठेवावयास हवा. अभिनवगुप्ताने शांत हा रस मानला, तो नाट्य व काव्य यांच्या संदर्भात. दगडाच्या ओसाडपणाला ते नाव देणे सोपे असले, तरी त्यामुळे काही सिद्ध होत नाही.

ही सर्व वजाबाकी करूनही जे उरते, त्याचे उत्तम उदाहरण तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्यगृह होय. जुन्नरच्या पश्चिमेस पाडळीजवळच्या डोंगरात ते आहे. पश्चिम भारतातील चैत्यगृहे सामान्यतः लांबट असून त्यांचे मागील टोक अर्धवर्तुळाकार असते. प्रवेशद्वारातून आत येणाऱ्याला दूरवर स्तूप दिसतो आणि दोन्ही बाजूंच्या स्तंभांच्या रांगा त्याची दृष्टी तेथवर नेतात. तुळज्याला हा प्रवास नाही. सु. ७.७५ मी. व्यासाच्या गोल दालनाच्या मध्यभागी स्तूप आहे, त्याच्याभोवती बारा अष्टकोनी स्तंभ आहेत आणि स्तंभ व भिंत यांच्यामध्ये प्रदक्षिणेचा मार्ग आहे. स्तंभ सु. ३.३ मी. उंच असून त्यांना तळखडे नाहीत, शीर्षे नाहीत, एकाही स्तंभावर नक्षी नाही. स्तूपावर घुमटाकार छत व प्रदक्षिणामार्गावर भिंतीपासून स्तंभांकडे चढत जाणारे अर्धकमानी छत, अशी वरची रचना आहे. वर्तुळाकार चैत्यगृहांची परंपरा जुनी आहे. राजस्थानात बैराट येथे विटालाकडाचे, तर आंध्र प्रदेशात गुंटुपल्ली येथे खडकात कोरलेले असे चैत्यगृह आढळते. पण स्तंभांच्या अशा वलयाचे शैलगृह दुर्मीळ आहे.

मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर बारा समान स्तंभ हा निव्वळ संवाद आहे. विरोध जवळजवळ नाही. दारात उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला ही रचना त्यामुळे एकसुरी वाटते आणि तो दोन मिनिटांत परत फिरतो. परंतु ही वास्तू उभे राहून पाहण्यासाठी केलेली नाही. प्रदक्षिणेला प्रारंभ केला, की उजव्या हाताचा स्तूप दर दोन पावलांनी स्तंभाआड जातो आणि पुन्हा प्रकट होतो. बारा वेळा तो झाकला जातो, बारा वेळा दिसतो, आणि प्रत्येक वेळी तो तसाच असतो. चालणाऱ्याची जागा बदलते, केंद्र बदलत नाही. छताची कमान वरून आतल्या बाजूस झुकलेली असल्याने चालणारा नकळत केंद्राकडे ओढला जातो. स्तंभावर मूर्ती असत्या, तर तो प्रत्येकापाशी थांबला असता आणि ही लय तुटली असती. येथे नक्षीचा अभाव ही उणीव नाही. तो चालण्याच्या क्रियेसाठी राखलेला मोकळेपणा आहे. कलेचा आणि साधनेचा संबंध येथे विषयातून येत नाही, प्रतीकातून तर फारच थोडा येतो. शरीराने करावयाच्या एका साध्या क्रियेला दगडाने जे वळण दिले, त्यात तो आहे. दर्शनी भाग कोसळल्यामुळे आज तेथे मूळच्यापेक्षा पुष्कळ अधिक उजेड येतो. मूळ अंधारात हा अनुभव कसा असेल, याची कल्पनाच करावी लागते.

ही वास्तू कोणी घडविली? कारागिरांची नावे शिलालेख देत नाहीत. ते देतात ती दात्यांची. जुन्नरच्या शिलालेखांत ‘देयधम’ म्हणजे धर्मदान हा शब्द पुनःपुन्हा येतो. दात्यांची यादी वाचली, की अध्यात्म म्हणजे संसाराकडे पाठ, ही समजूत डळमळते. लेण्याद्रीचे मुख्य चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा अथवा कोषाधिकाऱ्याचा, मुलगा सुलसदत्त याने दिले. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचे लेणे व एक पोढी दिली. वेळूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांच्या मासिक उत्पन्नाचा उल्लेख एका लेखात येतो. आदुथुम नावाच्या शकाने करंजाच्या व वडाच्या झाडांसाठी शेतजमीन दिली. इरिल ह्या यवनाने दोन पोढी, चिट ह्या यवनाने संघासाठी भोजनमंडप आणि चंद ह्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग दिला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मंडप व पोढी दिली. हे वर्ष शककालाचे धरल्यास ते इ. स. १२४ येते. नगरात धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींचे निवासस्थान होते, हेही लेखांतूनच कळते.

सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत पाण्याच्या टाक्याला स्थान नाही. आणि ते मिळावे, असा येथे आग्रहही नाही. परंतु जुन्नरच्या दात्यांना चैत्यगृह, भोजनमंडप, टाके व करंजाचे झाड ही एकाच प्रकारची दाने वाटत होती. त्यांच्यासाठी लेखनाची रीतही एकच आहे. कलाकृती आणि उपयुक्त वस्तू अशी फाळणी त्यांनी केलेली नव्हती. येथे कुमारस्वामींच्या विचाराला दुजोरा मिळतो असे वाटते, पण तो अर्धाच. साधक कोठडीत होता, पैसा घाटावर होता आणि छिन्नी तिसऱ्याच्या हाती होती. ह्या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे दान. कलावंताचे अंतर्ज्ञान नव्हे. कलेचे आध्यात्मिक मूल्य कलावंताच्या मनःस्थितीत शोधण्याची जी आधुनिक सवय आहे, तिला जुन्नरमध्ये पुरावा मिळत नाही. उलट नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात अश्वमेधादी वैदिक यज्ञ व त्यांतील दक्षिणा यांची गणना आहे, आणि तेथेच राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या खुणा व वरची नावे तेवढी उरली आहेत. एकाच व्यापारी मार्गावर राजाच्या दानाने स्वतःची प्रतिमा उभी केली, व्यापाऱ्याच्या दानाने रिकामी कोठडी. हा भेद धर्माचा असण्याइतकाच दानाच्या हेतूचा आहे.

यवन चंदाने दिलेला दर्शनी भाग मानमोडीच्या भूतलिंग गटात आहे आणि जुन्नर सर्वस्वी शिल्पहीन आहे, ह्या विधानाला तोच उत्तर आहे. कमानीखालच्या अर्धवर्तुळात कमळाच्या पाकळ्यांची मांडणी असून मध्ये गजलक्ष्मी उभी आहे. वरच्या बाजूस नाग व गरुड यांच्या आकृती आहेत. ही स्त्रीमूर्ती लक्ष्मी, की बुद्धजन्माचे सूचन करणारी माया, याविषयी मतभेद संभवतात. व्यापारी नगराच्या वेशीवर संपत्तीची देवता कोरणाऱ्याला हा प्रश्न पडला असेल, असे वाटत नाही. ह्या शोभिवंत दर्शनी भागामागचे दालन मात्र अपुरे राहिले असून आतील स्तूप ओबडधोबडच आहे. बाहेर पूर्ण व आत अपूर्ण असे हे लेणे तुळज्याच्या नेमके उलट आहे. शिल्पाची कारागिरी चांगली आहे, जुन्नरमधील सर्वोत्तम आहे. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते कला व साधना यांची जी एकरूपता तुळज्याच्या अनलंकृत वलयात साधली, ती येथे साधलेली नाही. येथील लक्ष्मी पाहण्याची वस्तू आहे. तिच्यापुढे थांबावे, तिला न्याहाळावे, आणि निघावे.

लेण्याद्रीच्या डोंगरावरील सातव्या क्रमांकाच्या विहाराचा इतिहास निराळाच आहे. सु. तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर लागणारे हे दालन येथील सर्वांत मोठे असून त्यात आधाराला एकही स्तंभ नाही. तिन्ही बाजूंना मिळून वीस कोठड्या आहेत. मागच्या भिंतीतील मधल्या दोन कोठड्या एक करून तेथे गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली आणि विहार अष्टविनायकांपैकी एकाचे मंदिर बनला. पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी येथेच तप केले, अशी कथा आहे. बौद्ध वास्तूचे हे रूपांतर काहींना अतिक्रमण वाटते, तर काहींना भारतीय समन्वयाचे उदाहरण. दोन्ही मते वास्तूकडे पाहत नाहीत. गर्भगृह, अंतराळ, सभामंडप अशी उतरंड जेथे असते, तेथे भक्त अंधाराकडे सरकत जातो. येथे तसे काही नाही. दक्षिणाभिमुख दालनात दिवसभर उजेड असतो, देव त्याच उजेडात भिंतीशी आहे, आणि भक्त भिक्षूंच्या सभागृहात उभा आहे. मूर्तीहून जागेचाच प्रभाव मनावर अधिक होतो. विहाराची रिकामी पोकळी नव्या दैवताने भरून टाकली नाही, तिचा आश्रय घेतला. पार्वतीच्या तपाची कथा नेमकी येथेच रुजावी, यात कोठड्यांच्या त्या रांगांचा काही वाटा असणे अगदी शक्य आहे. तुळजा लेण्यांचे नावही अशाच रीतीने तेथील एका कोठडीत नंतर स्थापिलेल्या तुळजादेवीवरून आले आहे.

वस्तूचा धर्म बदलला, तरी तिचे कार्य टिकते, याचे आणखी एक उदाहरण मंचर–घोडेगाव मार्गे आंबेगाव तालुका ओलांडून गेल्यावर, खेड तालुक्याच्या सीमेवरील भीमाशंकर येथे दिसते. तेथील पोर्तुगीज बनावटीची मोठी घंटा चिमाजी आप्पांनी वसईच्या १७३९ मधील विजयानंतर अर्पण केल्याची परंपरा आहे. परिसरातील मध्ययुगीन मंदिरांपैकी कुकडीच्या उगमाजवळचे कुकडेश्वर आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे खिरेश्वर येथील नागेश्वर ही कोरीवकामासाठी उल्लेखनीय आहेत. नागेश्वराच्या मंडपाचे छत विशेष प्रेक्षणीय आहे. कलेच्या दृष्टीने ती लेण्यांहून समृद्ध आहेत, परंतु प्रस्तुत प्रश्नाला ती नवे वळण देत नाहीत.

ते वळण दगडाबाहेर मिळते. ओतूर येथे तुकारामांचे गुरू मानले गेलेले बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. आळे येथे ज्ञानदेवांनी वेद वदविलेल्या रेड्याची समाधी दाखवितात. ह्या वारकरी स्थळांच्या शेजारीच नारायणगाव हे तमाशाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र वाढले. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड व त्या घराण्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी ह्या गावाचे नाव सर्वत्र नेले. तमाशाला अध्यात्माच्या चर्चेत आणणे अनेकांना रुचणार नाही. परंतु गण, गौळण, बतावणी व वग हा त्याचा क्रम गणेशस्तवनाने सुरू होतो. आणि शाहिरीतील कलगी व तुरा हे पक्ष माया श्रेष्ठ की ब्रह्म, शक्ती श्रेष्ठ की शिव, हा वाद भेदिक कवनांतून, कोडी घालून, डफ-तुणतुण्याच्या साथीवर रात्रभर घालीत. शास्त्र्यांच्या सभेतील प्रश्न अक्षरशत्रू श्रोत्यांपर्यंत ज्या वाटांनी पोहोचला, त्यांत कीर्तनाबरोबर ही वाटही होती.

तथापि केवळ गण गाइल्याने तमाशा आध्यात्मिक होत नाही. पुष्कळ प्रयोगांत गण हा उरकून टाकण्याचा भाग असतो, आणि शिष्टवर्गाने तमाशाला प्रतिष्ठा देण्यासाठी नेमका त्याच भागाचा पुरावा पुढे केला, हे विसरता येत नाही. तमाशाचा खरा धार्मिक संबंध त्याच्या निमंत्रणात आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला, की नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. जुन्नर-आंबेगावातील आणि दूरदूरच्या गावांचे पुढारी येऊन ग्रामदैवताच्या यात्रेसाठी फड ठरवितात, सुपारी देतात. त्यासाठी गावात वर्गणी होते. श्रेणीने सात कोठड्या दिल्या, गाव एक रात्र देते. नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या यांच्या मनात त्या वेळी भक्ती असते की पोटाची काळजी, हे कोणी विचारीत नाही. तुळज्याच्या पाथरवटालाही कोणी विचारले नव्हते. रात्रीचा वग तंबूत तिकीट लावून होवो अथवा उघड्या माळावर, बऱ्याच गावांत दुसऱ्या दिवशी फडाला देवासमोर हजेरी द्यावी लागते. ह्या कार्यक्रमाला ‘हजेरी’ हेच नाव आहे. तो दिवसाउजेडी, देवळापुढच्या मोकळ्या जागेत होतो, त्याला तिकीट नसते, आणि रात्रभर जागलेले कलावंत तो करतात.